न खेळलेल्या गेमचा ढीग आणि आवडते दोन-तीन

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: घेतलेले गेम पडून आहेत आणि खेळले जातात ते ठरलेले दोन-तीनच. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) माझे दोनशेच्या वर गेम आहेत. निम्म्याहून जास्त एकदाही उघडलेले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर जेमतेम तासभर मिळतो आणि हात राज्य उभारून लढायच्या एज ऑफ एम्पायर्स टू किंवा शेतीच्या स्टारड्यू व्हॅलीकडेच जातो. पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. ही सवय कशी मोडू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मोडू नका. स्टीमने २०२४ सालचा जो आढावा दिला, त्यात वर्षभरात एका खेळाडूने खेळलेल्या गेमच्या संख्येचा मध्यक होता चार, म्हणजे निम्म्या खेळाडूंनी चार किंवा त्याहून कमीच गेम खेळले. शिवाय सगळ्यांनी मिळून जेवढा वेळ खेळण्यात घालवला, त्यातला फक्त १५ टक्के वेळ त्या वर्षी आलेल्या गेमना मिळाला. बाकी सगळा जुन्या गेमना. तुम्ही खेळता तसंच बहुतेक जण खेळतात.

याचं कारण साधं आहे. नव्या मोठ्या गेमचे पहिले दोन-तीन तास बटणं, मेनू आणि नकाशा समजून घेण्यात जातात. ज्याच्याकडे सलग सहा तास आहेत त्याला ते जाणवत नाही. तुमच्याकडे रोजचा एकच तास, म्हणजे तीन रात्री नुसत्या शिकण्यात जाणार आणि मध्ये दोन दिवस खंड पडला की त्यातलं अर्धं विसरायला होणार. ओळखीच्या गेममध्ये तोच तास पहिल्या मिनिटापासून खेळण्यात जातो. पैशांचं म्हणाल, तर स्टीमवर परताव्याची अट ठरलेली आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असताना. ती मुदत उलटली की ते पैसे परत येत नाहीत, आणि मन मारून चाळीस तास खेळलात तरी येणार नाहीत.

मात्र लायब्ररी आवरून घ्या. दोनशे नावांची यादी रोज डोळ्यांसमोर असेल तर टोचणी लागणारच. लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक करून ‘ॲड टू’मधून नवं कलेक्शन बनवा, त्याला ‘चालू’ नाव द्या आणि त्यात तीनच गेम ठेवा: एक डोकं लावून खेळायचा, एक दमून आल्यावर खेळायचा आणि एक जागा नव्यासाठी, जी रिकामी राहिली तरी चालेल. दुसरं कलेक्शन ‘नंतर’, त्यात फार तर दहा. बाकी सगळ्यांना ‘मॅनेज’मध्ये जाऊन ‘हाइड धिस गेम’ करा. लपवलेला गेम कुठे जात नाही. वरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘हिडन गेम्स’ उघडलं की दिसतो. शेवटी सेटिंग्जमध्ये ‘इंटरफेस’ उघडा, स्टीम सुरू होताना दुकानाऐवजी लायब्ररी उघडेल असं करा आणि नव्या गेमच्या जाहिरातीची खिडकी बंद करा. गेम खेळायला बसलं की आधी सेलचं पान दिसतं, ढीग वाढतो तो बराचसा तिथूनच.

प्रश्न: एज ऑफ एम्पायर्स टू डेफिनिटिव्ह एडिशन चार वर्षं खेळतोय. कॉम्प्युटरच्या मधल्या पातळीला हरवतो, पण ऑनलाइन माणसासमोर पहिल्या पंधरा मिनिटांत आडवा होतो. आठवड्याला चारच तास मिळतात. एवढ्यात सुधारणा होईल, की आता दुसरा गेम धरावा? – एक वाचक, औरंगाबाद

उत्तर: नक्की होईल. गेम तर मुळीच बदलू नका, कारण तुम्ही अडला आहात ती जागा मोजता येते.

टाउन सेंटरमधून (गावाची मुख्य इमारत) एक व्हिलेजर (काम करणारा गावकरी) निघायला गेमच्या घड्याळाने २५ सेकंद लागतात. सुरुवातीला तीन असतात. (चिनी आणि माया जास्त व्हिलेजर घेऊन सुरू करतात, त्यांना सध्या बाजूला ठेवा.) वीस व्हिलेजर करून फ्यूडल एज, म्हणजे पुढचं युग, दाबायचं, तर १७ गुणिले २५ म्हणजे ४२५ सेकंद. त्यात टाउन सेंटरमध्येच होणाऱ्या लूम या सुधारणेचे २५ धरा. एकूण ४५०. म्हणजे टाउन सेंटर एक क्षणही रिकामं राहिलं नाही, तर ७ मिनिटं ३० सेकंदांना फ्यूडलचं बटण दाबलं जातं. फ्यूडलला १३० सेकंद लागतात, तेव्हा तुम्ही ९:४० ला पुढच्या युगात असता. आता तुमचा जुना रेकॉर्डेड गेम उघडून बघा. बटण ९:०० ला दाबलं असेल तर दीड मिनिट टाउन सेंटर बसून होतं, म्हणजे साडेतीन व्हिलेजर आलेच नाहीत. समोरचा पंधराव्या मिनिटाला भाले घेऊन आला तेव्हा तुम्ही हरला नाहीत. हार त्याच्या बरीच आधी झाली होती. (पॅच आल्यानंतर जुनी रेकॉर्डिंग बऱ्याचदा चालत नाहीत, म्हणून गेम संपला की त्याच आठवड्यात बघा.)

टाउन सेंटर रिकामं पडण्याची ठरलेली कारणं आहेत. पहिलं म्हणजे घरं. टाउन सेंटर पाचच माणसांना जागा देतं. तीन व्हिलेजर आणि स्काउट (टेहळणी करणारा) मिळून चार झालेच. म्हणून गेम सुरू होताच दोन व्हिलेजर एका घरावर आणि तिसरा दुसऱ्या घरावर लावा, आणि त्याच दमात व्हिलेजरची रांग लावा. घराला २५ लाकूड, सुरुवातीला २०० असतं, तेव्हा अडचण नाही. दुसरं कारण अन्न. सुरुवातीच्या २०० अन्नात चार व्हिलेजर होतात, म्हणजे १०० सेकंद निघतात. तोवर मेंढ्यांचं मांस यायला लागलं पाहिजे. मेंढी एका वेळी एकच मारा. मारलेली मेंढी सडत जाते आणि दोन-तीन एकदम मारल्या की १०० तलं बरंचसं अन्न जमिनीवरच जातं.

तिसरं कारण रानडुक्कर. त्यात ३४० अन्न असतं, म्हणून ते सोडायचं नाही. वाटणी अशी करा: पहिले सहा मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, अकरावा रानडुकराला आणायला, पुढचे चार बेरीवर. अकराव्याने दोन बाण मारून थेट टाउन सेंटरच्या खाली यायचं. मेंढ्यांवरच्या बाकीच्यांनी डुक्कर जवळ आलं की एकदम मारायचं. टाउन सेंटरच्या बाणांनी किंवा स्काउटने ते मेलं तर त्यातून अन्नच मिळत नाही, म्हणून घाबरून सगळ्यांना आत कोंबू नका. आणताना आधीच जखमी झालेला व्हिलेजर पाठवू नका, वाटेतच मरेल.

चार तास असे वाटा: प्रत्येक बैठकीत आधी एक सराव, समोर कोणी लढणारा नाही असं गृहीत धरून, फक्त फ्यूडल दाबेपर्यंत. आठ मिनिटांत होतो. वेळ वहीत लिहा आणि गेम सोडून द्या. मग खरा सामना. दाबण्याची वेळ ८:०० च्या आत सलग चार-पाच वेळा आली की मगच पुढचं शिकायला घ्या. गेममध्येच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाची शिकवणीची आव्हानं आहेत. त्यातलं ‘अर्ली इकॉनॉमी’ याच गोष्टीवर पदक देतं.

कंटाळा आला तर गेम तोच ठेवून संस्कृती बदला. २८ एप्रिल २०२२ ला आलेल्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’मध्ये गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा तीन नव्या संस्कृती आल्या आणि जुन्या ‘इंडियन्स’चे हिंदुस्तानी झाले. गुर्जरांना मेंढ्या न मारता मिलमध्ये ठेवून सतत अन्न मिळवता येतं. त्यामुळे वरची सगळी वाटणी नव्याने मांडावी लागते आणि ओळखीचा गेम पुन्हा नवा वाटायला लागतो. राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमाही त्यातच आहेत.

प्रश्न: एपिक (स्टीमसारखंच गेमचं दुकान) दर आठवड्याला फुकट गेम देतं. ते घेत राहू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: घ्या, पण उतरवू (डाउनलोड करू) नका. नवा गेम गुरुवारी येतो, आपल्याकडे रात्री साडेआठला आणि अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यात मागे गेली की साडेनऊला. तो तुमच्या नावावर होतो आणि तिथेच राहतो. विकतच्या गेमला मात्र वेगळा नियम लावा: जो याच आठवड्यात सुरू करणार आहात तोच विकत घ्या. सेलमध्ये घेऊन ठेवलेल्या गेमचे परताव्याचे १४ दिवस न उघडताच संपतात, आणि तो तुमच्या लॅपटॉपवर नीट चालत नाही हे तीन महिन्यांनी कळतं. स्टीमचे मोठे सेल वर्षातून चारदा, ऋतूंप्रमाणे येतात. आज सोडलेली सवलत बहुतेक वेळा पुढच्या सेलला पुन्हा दिसते.

प्रश्न: स्टारड्यू व्हॅलीमधलं माझं शेत तिसऱ्या वर्षात आहे. परीक्षेमुळे आठ महिने उघडलं नाही. आता काहीच आठवत नाही, कुठली पेटी कशाची तेही नाही. नवं शेत सुरू करू की हेच चालवू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: हेच चालवा, पण पहिला दिवस कामाचा धरू नका. या गेममधला पूर्ण दिवस, सकाळी सहा ते रात्री दोन, खऱ्या वेळेत सुमारे १४ मिनिटांचा असतो, आणि गेम सेव्ह होतो तो झोपल्यावरच. याचा फायदा घ्या. उठा, शेतभर फिरा, सगळ्या पेट्या उघडून बघा, टीव्हीवर हवामान बघा, पिअरच्या दुकानाबाहेरचं कॅलेंडर वाचा, जर्नलमधली अर्धवट कामं बघा. मग न झोपता मुख्य मेनूत जा. सेव्ह झालेलं नसल्यामुळे तोच दिवस पुन्हा सकाळी सहापासून मिळतो, आणि या वेळी काय करायचं ते माहीत असतं. झोपण्याआधी पेट्यांना रंग द्या: बियाणं हिरव्या पेटीत, खनिजं राखाडी, मासे निळ्या. पेटी उघडली की वरच रंगाची पट्टी असते. पुढच्या वेळी खंड पडला तर हे रंगच वाट दाखवतील.

सुरू करण्याआधी सेव्हची नक्कल काढा. विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत ‘ॲपडेटा’ हा शब्द दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन लिहा आणि एंटर करा. ‘स्टारड्यू व्हॅली’ फोल्डरमध्ये ‘सेव्ह्ज’ आहे, त्यात प्रत्येक शेताचं वेगळं फोल्डर. ते आख्खं उचलून पेनड्राइव्हवर ठेवा. आत ज्या फाइलींच्या नावाशेवटी ‘ओल्ड’ आहे त्या आदल्या दिवसाच्या असतात. वीज गेली आणि सेव्ह बिघडली, तर बिघडलेल्या दोन फाइली बाजूला काढून ‘ओल्ड’वाल्यांच्या नावातून तेवढा शब्द आणि त्याआधीची खालची रेघ काढली की एक दिवस मागून शेत परत मिळतं.

मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या गेममधल्या भरी) वापरत असाल तर सावध राहा. आठ महिन्यांनी उघडताना स्टीम आधी गेम अद्ययावत करतं आणि जुने मॉड चालत नाहीत. २०२४ च्या मार्चमधल्या १.६ आवृत्तीत असे पुष्कळ मॉड बंद पडले होते. आधी स्मॅपी (मॉड चालवणारा प्रोग्रॅम) नवं करा, त्याच्या काळ्या खिडकीत लाल अक्षरांत आलेली नावं वाचा आणि तेवढेच मॉड बदला. तोवर शेत उघडून झोपू नका. मॉडच्या वस्तू नसताना सेव्ह झालं तर त्या गायब होऊ शकतात.

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. तीन वर्षं फक्त माइनक्राफ्ट खेळतो. वाढदिवसाला घेतलेले दोन नवे गेम तसेच पडलेत. त्याला वैविध्य मिळायला नको का? – एक आई, ठाणे

उत्तर: ताई, तो रोज काय बांधतो ते एकदा शेजारी बसून बघा. माइनक्राफ्टमध्ये घर बांधणं, खाण खोदणं आणि रेडस्टोनची (गेममधली वीजच म्हणा) यंत्रं जोडणं हे तीन वेगळे गेमच आहेत. रेडस्टोन तो करत नसेल, तर नवा गेम आणण्यापेक्षा त्याला उसाचं आपोआप कापणी करणारं यंत्र बांधायला सांगा. लागतं फार थोडं: एक पिस्टन (पुढे ढकलणारा ठोकळा), एक ऑब्झर्व्हर (समोरचा बदल ओळखणारा ठोकळा), एक रेडस्टोन भुकटी आणि एक-दोन साधे ठोकळे.

ऊस पाण्याला लागून असलेल्या मातीवर किंवा वाळूवर लावायचा. तो तीन ठोकळ्यांइतका उंच वाढतो. उसामागे दुसऱ्या ठोकळ्याच्या उंचीवर पिस्टन, तोंड उसाकडे. पिस्टनच्या डोक्यावर ऑब्झर्व्हर, चेहरा उसाकडे आणि लाल ठिपका मागे. पिस्टनच्या मागे साधा ठोकळा आणि त्यावर रेडस्टोन भुकटी. ऊस तिसऱ्या ठोकळ्यापर्यंत वाढला की ऑब्झर्व्हरला कळतं, भुकटीतून संकेत जातो, पिस्टन मधला ठोकळा तोडतो आणि बुंधा तसाच राहून पुन्हा वाढतो. नेहमी चुकतं ते ऑब्झर्व्हर उलटा बसतो म्हणून. ठिपका उसाकडे असेल तर काहीच हलणार नाही. हे जमलं की त्याला वीस उसांची रांग करायला सांगा. मग भुकटीतला संकेत १५ ठोकळ्यांपुढे का जात नाही आणि संकेत पुढे नेणारा रिपीटर कुठे लावायचा, हे प्रश्न त्याचे त्यालाच पडतील.

तीन वर्षांचं जग एकाच टॅबवर असेल तर आधी त्याची प्रत काढा. टॅबवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत जगाच्या नावाशेजारच्या पेन्सिलवर दाबून शेवटी ‘एक्सपोर्ट वर्ल्ड’ आहे. टॅब फुटला, जग गेलं आणि मूल आठवडाभर रडलं, ही वेळ येऊ देऊ नका. पडून राहिलेले दोन गेम राहू द्या. खेळायची वेळ ठरवून द्यायची असेल तर जरूर द्या, पण कुठला गेम ते त्याला ठरवू द्या.

प्रश्न: लॅपटॉपला ५१२ जीबीची एसएसडी आहे. रेड डेड रिडेम्पशन टू आणि बाल्डर्स गेट थ्री अर्धवट सोडलेत, काढून टाकायला जीव होत नाही. आवडत्या गेमना जागा उरत नाही. – एक वाचक, नागपूर

उत्तर: दोन्ही गेम प्रत्येकी १५० जीबी जागा मागतात. ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ दिसते, म्हणजे दोन अर्धवट गेमनी निम्म्याहून जास्त जागा अडवली आहे. स्टारड्यू अर्ध्या जीबीत मावतो. दोन्ही काढा. गेमच्या पानावर ढगाचं चिन्ह बरोबरच्या खुणेसह असेल तर सेव्ह स्टीमकडे पोचलेलं आहे. ढग नसेल तर सेव्हचं फोल्डर आधी हाताने नकलून घ्या, ती फाइल गेमच्या बाहेर, डॉक्युमेंट्समध्ये किंवा ॲपडेटात असते.

पुन्हा उतरवायला १०० एमबीपीएस जोडणीवर १५० जीबीला सगळं सुरळीत असताना तीन तास वीस मिनिटं लागतात. ४० वर आठ तासांच्या पुढे. तेवढा धीर नसेल तर बाहेरची साधी हार्ड डिस्क घ्या, स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’मध्ये ती जोडा आणि गेम निवडून ‘मूव्ह’ करा. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर २५ मिनिटांत होतं. तिथूनच खेळू मात्र नका. बाल्डर्स गेटसाठी एसएसडीच सांगितलेली आहे.

प्रश्न: माझा आवडता ऑनलाइन गेम उद्या बंद झाला तर? – एक वाचक, मडगाव

उत्तर: होऊ शकतो, आणि ही भीती अगदी रास्त आहे. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांनाही तो उघडेना. म्हणून आपल्या गेमची परीक्षा घ्या: वायफाय बंद करा आणि सुरू करून बघा. चालला तर निम्मी काळजी मिटली. जे गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळतात, उदाहरणार्थ स्टारड्यू किंवा विचर थ्री, ते तिथून घेतलेत तर ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो. पुढे दुकान बंद झालं तरी तो चालतो. निव्वळ ऑनलाइन गेमसाठी असा उपाय नाही. त्यात पात्रांच्या कपड्यालत्त्यांवर पैसे घालताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न: आवडते गेम सोडायचे नाहीत, पण अधूनमधून चव बदलावीशी वाटते. एका रविवारात संपेल असं काही सुचवा. – एक वाचक, सांगली

उत्तर: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ घ्या, २०२० चा. पाच-सहा तासांत संपतो. राजस्थानी वाड्यांतून आणि पायऱ्यांच्या विहिरींतून उड्या मारत जायचं आहे, म्हणून कीबोर्डपेक्षा कंट्रोलर बरा. ‘अ शॉर्ट हाइक’ दोन तासांचा, डोंगर चढायचा. आणि २०२३ चा ‘वेनबा’, तोही साधारण तेवढाच: कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब आणि आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही. पुसलेल्या पायऱ्या आपण ओळखून स्वयंपाक करायचा. चुकलं तर लगेच पुन्हा करता येतं. पहिलंच कोडं इडलीचं आहे, आणि घरी इडलीपात्र हाताळलेल्या माणसाला ताटल्या कशा फिरवून ठेवायच्या हे विचारावंच लागत नाही.